ग्राफिक्स मॉड्यूल माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे नाही: आधी शोधा, लायब्ररीची कोणती प्रत लोड झाली

पायथनसाठी लिहिलेलं एक छोटं मॉड्यूल मी काही वर्षं सांभाळतो आहे. चित्रावर देवनागरी मजकूर नीट उमटवणं हे त्याचं काम. शाळेची प्रमाणपत्रं, लग्नपत्रिका, व्हिडिओखालच्या ओळी यांसाठी लोक ते वापरतात. काम लहान असलं तरी त्याच्या पोटात लायब्रऱ्यांची लांबलचक साखळी आहे. अक्षरांचे आकार वाचायला फ्रीटाइप, जोडाक्षरं जुळवायला हार्फबझ, मजकुराची दिशा ठरवायला फ्रिबिडी आणि या तिघींना एकत्र बांधायला रॅक्म. पीएनजी वाचायला-लिहायला लिबपीएनजी, तिच्याखाली झेडलिब. तयार चित्र खिडकीत दाखवायला जीएलएफडब्ल्यू, आणि तो भाग मी सी++ मध्ये लिहिलेला आहे. या सगळ्या मुक्त स्रोत लायब्रऱ्या आहेत. वापरणाऱ्याच्या संगणकावर त्या असतीलच याची खात्री नसते, म्हणून त्या मॉड्यूलसोबत बांधून द्याव्या लागतात. दर काही महिन्यांनी तक्रार येते ती याच जागी.

तक्रारीचं रूप दर वेळी वेगळं असतं. कुणाला इम्पोर्ट करतानाच "लिबहार्फबझ.एसओ.० उघडता येत नाही, अशी फाइल नाही" असं दिसतं, तर कुणाला "जीलिबसी_२.३४ ही आवृत्ती सापडली नाही". कुणाच्या खिडकीऐवजी "लिबजीएल एरर" येते. विंडोजवर डीएलएल लोड होत नाही, मॅकवर नुसतं "किल्ड: ९" छापून प्रोग्राम मरतो. सर्वांत वाईट प्रकारात एरर काहीच येत नाही आणि प्रमाणपत्रावर "विद्यार्थी" हा शब्द मोडून छापला जातो.

सुरुवातीची दोन वर्षं मी प्रत्येक तक्रारीला एकच औषध देत होतो: जी फाइल सापडत नाही ती पॅकेजमध्ये टाकायची. त्याने ती तक्रार मिटायची आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाची यायची. फाइल आहे की नाही हा प्रश्न पुरत नाही, हे मला उशिरा कळलं. लोडरने, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या शोधून मेमरीत आणणाऱ्या सिस्टिमच्या भागाने, नेमकी कोणती प्रत, कुठून आणि कुणाच्या सांगण्यावरून उचलली, हे विचारावं लागतं. त्याचं उत्तर हाती येईपर्यंत पॅकेजमध्ये काहीही टाकू नका, काढूही नका.

लोडरलाच विचारा

बहुतेक जण एलडीडी, म्हणजे फाइलला लागणाऱ्या लायब्रऱ्या कुठे सापडतात ते सांगणारी कमांड, चालवतात. एलडीडी खोटं सांगत नाही, पण ते फक्त तुमच्या संगणकापुरतं आणि स्वच्छ प्रोसेसपुरतं बोलतं. तक्रार करणाऱ्याच्या पायथनमध्ये तुमच्या आधी आणखी पाच मॉड्यूल्स लोड झालेली असतात, ती एलडीडीला दिसत नाहीत. शिवाय तुमच्याकडे सगळ्या लायब्रऱ्या सिस्टिममध्ये आधीच आहेत, त्यामुळे पॅकेजमधली प्रत वापरलीच गेली नाही तरी एलडीडीचं उत्तर हिरवंगारच दिसतं.

त्यापेक्षा रीडएल्फ -डी चालवून मॉड्यूलच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते वाचा. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. नीडेड म्हणजे या फाइलला कोणत्या लायब्रऱ्या हव्यात, एसओनेम म्हणजे ही लायब्ररी स्वतःचं नाव काय सांगते, आणि आरपाथ किंवा रनपाथ म्हणजे शोधायचं कुठे.

मग तक्रार करणाऱ्याला एलडी_डीबग=लिब्स हे पर्यावरण-चल लावून पायथन चालवायला सांगा. प्रत्येक लायब्ररीसाठी लोडर कुठे कुठे डोकावतो आणि शेवटी कोणती फाइल उचलतो, ते ओळीने छापलं जातं. भरपूर छापलं जातं, म्हणून फाइलमध्ये साठवून मागवा. हवी ती लायब्ररी शोधल्याची ओळच दिसत नसेल आणि तरी इम्पोर्ट पुढे सरकत असेल, तर ती आधीच दुसऱ्या कुणीतरी लोड केली आहे. हा धागा पुढे कामाला येणार आहे. चालू प्रोसेसबद्दल शेवटचा शब्द मात्र प्रॉक फाइलसिस्टिममधल्या मॅप्स या फाइलचा. प्रत्यक्ष मेमरीत कोणती फाइल बसली आहे ते तिथे पूर्ण पाथसकट लिहिलेलं असतं.

"अशी फाइल नाही", पण फाइल तर आहे

हा माझ्याकडचा सर्वांत जुना दोष. पॅकेजमध्ये लिब्स नावाचा फोल्डर आहे, त्यात रॅक्म, हार्फबझ, फ्रीटाइप सगळ्या आहेत. मॉड्यूलच्या रनपाथमध्ये डॉलर-ओरिजिन/लिब्स लिहिलेलं आहे, म्हणजे "ही फाइल जिथे आहे तिथल्या लिब्स फोल्डरमध्ये बघ". तरी स्वच्छ कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातच वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या लिनक्समध्ये, हार्फबझ सापडत नाही.

कारण आरपाथ आणि रनपाथ यांतल्या फरकात आहे. जुना आरपाथ साखळीतल्या खालच्या सगळ्या लायब्रऱ्यांना लागू होतो. नवा रनपाथ फक्त ज्या फाइलमध्ये लिहिलाय तिच्या थेट गरजांपुरता चालतो. माझ्या मॉड्यूलला थेट हवी होती रॅक्म, ती सापडली. रॅक्मला हवी होती हार्फबझ, पण रॅक्मच्या स्वतःच्या फाइलमध्ये रनपाथ नव्हता, म्हणून लोडर तिच्यासाठी सिस्टिमच्या फोल्डरांत गेला. माझ्या लॅपटॉपवर तिथे हार्फबझ होती, कंटेनरमध्ये नव्हती. आजच्या बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये लिंकर न विचारता रनपाथच लिहितो, त्यामुळे जुन्या काळी चाललेली बांधणी नव्या संगणकावर बिल्ड केल्यावर अचानक मोडते.

उपाय असा की सोबत दिलेल्या प्रत्येक लायब्ररीत तिचा स्वतःचा रनपाथ लिहायचा. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये असतील तर नुसतं डॉलर-ओरिजिन पुरतं. पॅचएल्फ हे साधन बिल्ड झालेल्या फाइलमध्येही ते लिहू शकतं. लिहिताना शेल आणि मेक यांच्यापासून डॉलरचं चिन्ह जपा. शेलमध्ये एकेरी अवतरणात घाला, मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहा. नाहीतर ओरिजिन हे शेलचं चल समजलं जातं, त्याजागी रिकामी जागा उरते आणि रनपाथमध्ये नुसतं "/लिब्स" राहतं. मी एकदा पूर्ण शनिवार यात घालवला आहे, म्हणून आता बिल्डच्या शेवटी रीडएल्फचं उत्तर तपासणारी पायरीच ठेवली आहे.

एलडी_लायब्ररी_पाथ लावून हा प्रश्न सोडवू नका, आणि वापरणाऱ्यालाही तसं सांगू नका. ते चल त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतं आणि रनपाथच्या आधी पाहिलं जातं. तुमचं मॉड्यूल चालेल, पण दुसरं काहीतरी मोडेल, आणि ते तुमच्यामुळे मोडलं हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

इम्पोर्टचा क्रम बदलला की मोडतं

या तक्रारीने मला सर्वांत जास्त शिकवलं. एका शिक्षिकेने कळवलं की स्क्रिप्टमध्ये माझं मॉड्यूल पहिल्या ओळीत इम्पोर्ट केलं तर सगळं ठीक चालतं, आलेख काढणारं दुसरं पॅकेज आधी इम्पोर्ट केलं तर "अनडिफाइन्ड सिम्बॉल: एफटी_डन_एमएम_व्हार" अशी एरर येते. त्यांनी क्रम बदलून पाहिला आणि तो नेमका लिहून पाठवला, ही फार मोलाची माहिती होती.

लिनक्सचा लोडर लायब्ररी शोधायला निघण्याआधी पाहतो की याच एसओनेमची लायब्ररी या प्रोसेसमध्ये आधीच आली आहे का. आली असेल तर तीच वापरतो. तुमचा रनपाथ तो वाचतही नाही. फ्रीटाइपचं एसओनेम वर्षानुवर्षं लिबफ्रीटाइप.एसओ.६ हेच आहे, हार्फबझचं लिबहार्फबझ.एसओ.०. आवृत्ती कितीही पुढे गेली तरी नाव तेच, कारण जुने प्रोग्राम मोडू नयेत ही त्यांची काळजी. एफटी_डन_एमएम_व्हार हे फंक्शन फ्रीटाइपमध्ये २.९ या आवृत्तीत, २०१८ साली आलं. आलेखवाल्या पॅकेजने हाताने कॉपी केलेली त्याहून जुनी फ्रीटाइप, मूळ नावानेच, आधी लोड केली होती. माझी हार्फबझ आली, तिला फ्रीटाइप हवी होती, लोडर म्हणाला आहे की आधीच, आणि जुनी प्रत तिच्या हातात दिली. त्या प्रतीत ते फंक्शनच नव्हतं.

दोष त्या पॅकेजचाही होता आणि माझाही, कारण मीही मूळ नावानेच फ्रीटाइप देत होतो. मी आधी इम्पोर्ट झालो असतो तर माझी प्रत त्यांच्या गळ्यात पडली असती. म्हणून सोबत द्यायच्या लायब्ररीचं नावच बदलायचं. फाइलचं नाव आणि आतलं एसओनेम, दोन्ही. ऑडिटव्हील हे साधन नेमकं हेच करतं. ते गरजेच्या लायब्रऱ्या पॅकेजनावापुढे डॉट-लिब्स असलेल्या फोल्डरमध्ये आणतं, प्रत्येकीच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेले काही हॅश-अंक घालतं, नीडेडमधली नावं त्याप्रमाणे बदलतं आणि आरपाथही लिहितं. मग दोन पॅकेजेसच्या दोन फ्रीटाइप एकाच प्रोसेसमध्ये शेजारी राहू शकतात. हाताने पॅचएल्फ चालवण्यात मी जितका वेळ घालवला, तितका तुम्ही घालवू नका.

याला एक अपवाद आहे, आणि तो ऑडिटव्हीलला दिसत नाही. एखादी लायब्ररी नीडेडमध्ये नसून चालू प्रोग्राममधून डीएलओपन करून नावाने मागवली जात असेल, तर तपासणीत ती येतच नाही. ती बांधली जात नाही, आणि बांधून तिचं नाव बदललं तर जुन्या नावाने हाक मारणाऱ्या कोडला ती सापडत नाही. फ्रिबिडीच्या बाबतीत मला हेच भोवलं. कोडमध्ये डीएलओपन कुठे कुठे आहे ते शोधून एक यादी करून ठेवा.

जीलिबसी: ही बांधायची नाहीच

"जीलिबसी_२.३४ सापडली नाही" ही एरर आली की नवखा माणूस लिबसी.एसओ.६ पॅकेजमध्ये टाकायला जातो. तसं करू नका. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, लिबसी.एसओ.६ ही तिचीच फाइल) आणि लोडर ही एकाच बिल्डमधून निघालेली जोडी असते. वापरणाऱ्याच्या लोडरला तुमची जीलिबसी दिली तर प्रोसेस सुरू होतानाच कोसळते.

नव्या जीलिबसीवर बिल्ड केलेलं जुनीवर चालत नाही, जुनीवर बिल्ड केलेलं नवीवर चालतं. उबुंटू २०.०४ वर जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ वर २.३५, २४.०४ वर २.३९. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये लिबपीथ्रेड आणि लिबडीएल मुख्य लिबसीत विलीन झाल्या. त्यामुळे डीएलओपन किंवा पीथ्रेड_क्रिएट वापरणारं कोणतंही कोड त्यानंतरच्या संगणकावर बिल्ड झालं की २.३४ मागू लागतं. ग्राफिक्सचं कोड डीएलओपन वापरतंच, कारण ओपनजीएलची फंक्शन्स तशीच मिळवावी लागतात. २.३८ पासून तर स्ट्रटॉलसारखं साधं फंक्शनही सी++ मधून वापरलं की नव्या नावाने लिंक होतं आणि मॉड्यूल २.३८ मागतं. तुम्ही नवं काहीही वापरलेलं नसतं, फक्त बिल्डचा संगणक अपग्रेड केलेला असतो.

म्हणून बिल्ड नेहमी मेनीलिनक्सच्या, म्हणजे मुद्दाम जुन्या लिनक्सवर बेतलेल्या, कंटेनरमध्ये करा. मेनीलिनक्स२०१४ हा सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर आधारलेला आहे. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे नव्या कामासाठी मी अल्मालिनक्स ८ वरचा, जीलिबसी २.२८ चा कंटेनर वापरतो. त्यातला कंपायलर नवा असतो आणि जीलिबसी जुनी, आपल्याला हवं तसं. जुन्या सिस्टिमच्या लिबएसटीडीसी++ मध्ये (सी++ ची मूळ लायब्ररी) नसलेले भाग तिथला कंपायलर मॉड्यूलमध्ये स्टॅटिक जोडतो, त्यामुळे सी++ ची नवी सोय वापरायलाही अडचण येत नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरचा मान राखा

लिबपीएनजी बांधायची, फ्रीटाइप बांधायची, मग लिबजीएल का नाही? लिबजीएल ही नुसती लायब्ररी नाही, ती त्या संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाकडे जाणारं दार आहे. आजकालच्या लिनक्सवर लिबजीएल.एसओ.१ फक्त वाट दाखवते. मागे मेसाचा मुक्त स्रोत ड्रायव्हर आहे की एनव्हिडियाचा ते पाहून ती त्यांच्या खऱ्या फाइलकडे काम पाठवते. तुमच्या बिल्ड कंटेनरमधली लिबजीएल सोबत दिली, तर ती वापरणाऱ्याच्या संगणकावर कंटेनरच्या पत्त्यांवर ड्रायव्हर शोधत बसते. लिबजीएल, लिबईजीएल, लिबडीआरएम आणि एक्स११ च्या (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) मूळ लायब्रऱ्या यजमानाच्याच राहू द्या. यजमानावर असतीलच असं धरलेल्या लायब्रऱ्यांच्या ऑडिटव्हीलच्या यादीत लिबजीएल आहे, म्हणून ते तिला बांधत नाही. लिबईजीएल मात्र मेनीलिनक्सच्या मूळ यादीत नव्हती. तुमचं कोड तिला थेट लिंक करत असेल तर ती आत ओढली जाऊ शकते. ऑडिटव्हीलला ती वगळायला सांगा, किंवा त्याहून बरं म्हणजे थेट लिंक न करता चालू असताना मागवा. जीएलएफडब्ल्यूची २०२४ ची ३.४ आवृत्ती एक्स११ आणि वेलँड दोन्हींच्या लायब्रऱ्या अशाच चालू असताना उचलते, त्यामुळे बांधणी पुष्कळ सोपी झाली आहे.

लिबएसटीडीसी++ मुळे येणारा दोष याहून फसवा असतो. माझ्या खिडकीच्या कोडला ती हवी होती, आणि मी एका रिलीजमध्ये जुन्या कंटेनरमधली प्रत सोबत टाकली. इम्पोर्ट सुरळीत झालं, मजकूरही छापला गेला. खिडकी उघडताना मात्र मेसाचा ड्रायव्हर लोड होईना, आणि एररमध्ये "जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३० सापडली नाही" असं होतं. मी दोन दिवस ड्रायव्हरवर संशय घेत होतो. उबुंटू २२.०४ ची लिबएसटीडीसी++ जीसीसी १२ ची आहे आणि तिच्यात ही आवृत्ती आहे. पण माझी जुनी प्रत त्याच एसओनेमने आधी लोड झाली होती, त्यामुळे नंतर आलेल्या ड्रायव्हरला तीच मिळाली. आलेखवाल्या पॅकेजने माझ्या हार्फबझचं जे केलं, तेच मी मेसाचं केलं. ती प्रत काढून टाकली आणि प्रश्न मिटला. खिडकी उघडत नसेल तर आधी मॅप्स फाइलमध्ये लिबएसटीडीसी++ कुठून आली ते पाहा.

विंडोज आणि मॅक, थोडक्यात

विंडोजवर "दिलेलं मॉड्यूल सापडलं नाही" असं आलं तर बहुधा तुमची पीवायडी फाइल (विंडोजवरची मॉड्यूलची फाइल) जागेवरच असते, तिला हवी असलेली एखादी डीएलएल नसते. कोणती ते एररमध्ये लिहिलेलं नसतं. डंपबिन /डिपेंडेंट्सने किंवा डिपेंडन्सीज या मोफत साधनाने यादी काढा. पायथन ३.८ पासून अशा डीएलएलसाठी पाथ हे पर्यावरण-चल पाहिलंच जात नाही. सिस्टिमचे फोल्डर, पीवायडी जिथे आहे तो फोल्डर आणि ओएस.ॲड_डीएलएल_डिरेक्टरीने जोडलेले फोल्डर, इतकंच. पायथनच्या इन्स्टॉलरसोबत व्हीसीरनटाइम१४० येते, एमएसव्हीसीपी१४० येत नाही. तुमच्या कोडमध्ये सी++ असेल तर ज्या संगणकावर व्हिज्युअल सी++ चं रनटाइम कधी बसवलेलंच नाही तिथे ते मोडतं. विकसकाच्या संगणकावर ते असतंच, म्हणून दोष कळत नाही. इथेही त्याच नावाची डीएलएल आधी लोड असेल तर तीच पुन्हा वापरली जाते. डेल्व्हव्हील नावं बदलून त्यावर उपाय करतं.

मॅकवर ओटूल -एल चालवा. यादीत होमब्रूचा पाथ, म्हणजे ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रू, दिसला की समजा ती लायब्ररी वापरणाऱ्याकडे सापडणार नाही. डीलोकेट ती आत आणतं आणि पत्ता @लोडर_पाथवर वळवतं. "किल्ड: ९" चं कारण बहुतेक वेळा सही हे असतं. ॲपल सिलिकॉनवर प्रत्येक बाइनरीला निदान ॲड-हॉक, म्हणजे कुणाच्याही प्रमाणपत्राशिवाय केलेली, सही लागते, आणि हाताने इन्स्टॉल_नेम_टूल चालवून फाइल बदलली की जुनी सही निकामी होऊ शकते. बदल संपल्यावर कोडसाइनने पुन्हा सही करा. होमब्रूच्या तयार बाइनरी त्या त्या मॅकओएस आवृत्तीसाठी बिल्ड केलेल्या असतात, त्यामुळे त्या बांधल्या तर जुन्या मॅकवर मॉड्यूल चालत नाही. लायब्रऱ्या स्वतः बिल्ड करा आणि डिप्लॉयमेंट टार्गेट ठरवून करा.

एरर नाही, पण अक्षर मोडलं

हा भाग मराठी वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. इंग्रजी मजकुरावर चाचणी करणाऱ्या विकसकाला हा दोष कधीच दिसणार नाही.

युनिकोडमध्ये ह्रस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते, दाखवायची मात्र आधी. "वि" हे व आणि मग ि असं साठवलं जातं. हा क्रम फिरवणं, हलन्त काढून जोडाक्षर करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणं हे काम हार्फबझ करतं. फ्रीटाइप एकटी असेल तर ती निमूटपणे एकामागून एक आकार ठेवत जाते. वेलांटी अक्षराच्या पुढे पडते, क्ष ऐवजी क्‌ आणि ष सुटे दिसतात.

पिलो हे पायथनमधलं प्रसिद्ध चित्र-पॅकेज घ्या. त्याच्या तयार व्हील्समध्ये (व्हील म्हणजे पायथन पॅकेजची बसवायला तयार फाइल) ८.२.० पासून रॅक्म आहे, पण फ्रिबिडी आत नाही, ती चालू असताना सिस्टिममध्ये शोधली जाते. ती सापडली नाही तर पिलो साध्या मांडणीवर उतरतं. एरर येत नाही, इशाराही येत नाही, फक्त देवनागरी मोडते. "पिलोमध्ये मराठी तुटते" या प्रश्नात फाँटला दोष देण्याआधी पिलोच्या फीचर्समधून रॅक्म उपलब्ध आहे का ते विचारा. उत्तर नाही आलं तर फ्रिबिडी बसवा.

माझ्या मॉड्यूलमध्ये मी ठरवलं की साध्या मांडणीवर उतरायचंच नाही. रॅक्म, हार्फबझ किंवा फ्रिबिडी मिळाली नाही तर स्पष्ट एरर द्यायची. मोडलेलं नाव असलेलं प्रमाणपत्र मुलाच्या हाती जाण्यापेक्षा स्क्रिप्ट थांबलेली बरी.

चाचणीत मी मुद्दाम तीन शब्द ठेवले आहेत: क्षितिज, विद्यार्थ्यांना, दुसऱ्या. पहिल्यात जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आहेत. दुसऱ्यात द्य, रफार आणि अनुस्वार आहेत. तिसऱ्यात आपला खास मराठी अर्धा र, जो हिंदी मजकुरावर चाचणी करून कधीच तपासला जात नाही. चित्रांची तुलना करण्याऐवजी हार्फबझने दिलेल्या आकारांची संख्या तपासा. "क्षि" मध्ये चार युनिकोड चिन्हं आहेत, पण बहुतेक देवनागरी फाँटांत आकार दोनच निघतात, वेलांटी आणि क्ष. चार निघाले तर जुळणी झालेली नाही. फाँटही चाचणीच्याच फोल्डरमध्ये ठेवा, सिस्टिममधल्या फाँटवर विसंबू नका. भाषा म्हणून "एमआर" देणंही विसरू नका. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिले आहेत, तिथे ते भाषा सांगितल्यावरच येतात.

फ्रीटाइप आणि हार्फबझ बिल्ड करताना एक चक्र लागतं. हार्फबझला फ्रीटाइप हवी असते, आणि फ्रीटाइपला स्वयंचलित हिंटिंगसाठी (लहान आकारातही अक्षर रेखीव दिसावं म्हणूनची जुळवणी) हार्फबझ. मी फ्रीटाइपमध्ये हार्फबझ बंद ठेवतो. जोडाक्षरांवर त्याचा काही परिणाम होत नाही आणि चक्रही सुटतं. त्याच वेळी ब्रॉटली, बीझिप२ यांसारखे पर्यायही स्पष्टपणे चालू किंवा बंद करा. न सांगितल्यास बिल्डची यंत्रणा कंटेनरमध्ये जे सापडेल ते जोडते, आणि कंटेनरची नवी प्रतिमा आली की तुमच्या नीडेडमध्ये न मागितलेलं एक नाव वाढलेलं दिसतं.

किती बांधायचं, आणि बांधल्यावर काय

झेडलिब, लिबपीएनजी आणि फ्रीटाइप मी आता स्टॅटिक जोडतो. त्यासाठी त्या -एफपिक लावून बिल्ड कराव्या लागतात, नाहीतर लिंकर रीलोकेशनची लांबलचक एरर देतो. आणि लिंक करताना एक्सक्लूड-लिब्स ऑल हा पर्याय द्या, म्हणजे त्यांची फंक्शन्स मॉड्यूलबाहेर दिसत नाहीत आणि दुसऱ्या कुणाच्या प्रतीशी टक्कर होत नाही. फ्रिबिडी एलजीपीएल या परवान्याखाली आहे. वापरणाऱ्याला तिची बदललेली प्रत घालता आली पाहिजे, म्हणून ती वेगळी फाइल म्हणूनच ठेवली आहे. फ्रीटाइपचा स्वतःचा परवाना घेतला तर दस्तऐवजात तिचा उल्लेख करावा लागतो. सगळ्या परवान्यांचे मजकूर व्हीलमध्ये घाला. दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं घडवलेलं आपण वापरतो आहोत, त्यांचं नाव आत असलंच पाहिजे.

लायब्ररी बांधली की तिच्या सुरक्षेची जबाबदारी तुमच्याकडे येते. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपच्या फाँटमधली पीएनजी चित्रं वाचणाऱ्या कोडमध्ये गंभीर दोष सापडला आणि २.१०.४ मध्ये दुरुस्त झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीबाबत तसंच झालं, आणि पिलोला फक्त तेवढ्यासाठी १०.०.१ काढावी लागली. डिस्ट्रोने सिस्टिममधली प्रत दुरुस्त केली तरी तुमच्या व्हीलमधली प्रत जुनीच राहते.

म्हणून मॉड्यूलमध्ये आता "आवृत्त्या" नावाचं एक फंक्शन आहे. ते प्रत्येक लायब्ररीची बिल्डच्या वेळची हेडरमधली आवृत्ती आणि चालू असताना लायब्ररीने स्वतः सांगितलेली आवृत्ती शेजारी शेजारी छापतं, सोबत मॅप्समधले त्यांचे पाथही. लिबपीएनजी असा ताळा स्वतःही घेते, बाकीच्यांचा आपल्याला घ्यावा लागतो. तक्रार आली की मी आधी हेच मागवतो, आणि सोबत इम्पोर्टच्या ओळी ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्या तशाच. रिलीजआधी एक जुनं आणि एक नवं उबुंटू, दोन्ही कोऱ्या कंटेनरांत मॉड्यूल बसवतो, आलेखाचं ते पॅकेज एकदा आधी आणि एकदा नंतर इम्पोर्ट करतो, आणि दोन्ही वेळा "दुसऱ्या" छापून पाहतो.